चोळी, पोलके आणि शिलाईचे पैसे

पालघर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावांमध्ये, म्हणजे एडवण, कोरे, दातिवरे, मथाणे, केळवे या पट्ट्यात, एखाद्या आळीतून चालत गेले की कुठल्या तरी ओटीवर शिवणयंत्र दिसतेच. दाराशी पत्र्याची नाहीतर पुठ्ठ्याची पाटी असते. 'येथे ब्लाउज व ड्रेस शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.' आशापुरी देवीच्या जत्रेला एडवणला येणारा माणूस ही पाटी वाचतो आणि पुढे जातो. तिच्यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही.

पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अशी पाटी महाराष्ट्रात कुठेही लागणे कठीण होते. बाईला शिवता येत नव्हते, असे मुळीच नाही. झबली, टोपडी, कुंच्या, गोधड्या हे सगळे घरच्या बाईच्याच हातचे असायचे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून बारीक धावदोऱ्याने गोधडी शिवणारी आजी कुठल्याही कारागिराच्या तोडीची होती. मात्र त्या शिवणाला पैसे पडत नसत. पैसे पडायचे ते शिंप्याच्या सुईला. घरातली सुई बाजारात कशी आली आणि बाजारात आल्यावर तिला काय भाव मिळाला, ही गोष्ट आज सांगायची आहे.

मुळात आपला पेहराव न शिवलेला होता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पुरुषाचे धोतर, उपरणे, पागोटे. बाईचे नऊवारी लुगडे. यांतल्या एकालाही कात्री लागत नाही. शिवायची असे ती चोळी, पुरुषांची बाराबंदी, अंगरखा आणि पोरांचे कपडे. एवढ्या कामावर गावातला शिंपी जगत असे. गावगाड्यातल्या अलुतेदारांच्या काही याद्यांत त्याचे नाव येते. संत नामदेव याच समाजातले, त्यामुळे धंद्याला प्रतिष्ठाही होती. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरे काढली. त्यांत शिंप्यांच्या घरातल्या बायका पुरुषांना शिवणात मदत करतात, असा उल्लेख सापडतो. या 'मदत' शब्दाकडे जरा थांबून पाहावे. ती काजे करते, तुरपाई करते, अस्तर लावते, चोळीच्या ठुशा शिवते, आणि शिलाई ठरते नवऱ्याच्या नावावर. पुढे शंभर वर्षे हा शब्द बाईच्या शिवणकामाला चिकटून राहिला.

मग यंत्र आले. एलियास होवेने अमेरिकेत १८४६ मध्ये दुहेरी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने यंत्र बनवले होते. लष्कराचे गणवेश शिवण्यासाठी त्याने पॅरिसमध्ये कारखाना काढला, तर १८३१ मध्ये तिथल्या शिंप्यांनी चाल करून त्याची यंत्रे मोडून टाकली. पोटावर पाय येतो आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. सिंगरचे यश मात्र यंत्रापेक्षा विक्रीच्या पद्धतीत होते. १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्यावर यंत्रे विकायला सुरुवात केली. थोडे पैसे आज द्या, यंत्र घरी न्या, त्यावर कमवा आणि उरलेले फेडा. आज आपल्याला हप्त्यांचे काहीच वाटत नाही. पण गरीब घरात एखादे यंत्र शिरायला त्या काळी दुसरी वाटच नव्हती.

१८७० नंतरच्या दशकात सिंगरची यंत्रे पारशी व्यापाऱ्याच्या एजन्सीमार्फत मुंबईत येऊ लागली. ती गेली कुणाकडे? आधी दर्ज्यांकडे. पेठेतल्या दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसलेला पुरुष आणि त्याच्यासमोर हातयंत्र, हे चित्र पक्के झाले. यंत्राने बाईचे कष्ट वाचतील असे सगळे म्हणत होते, पण त्याचा धंदा पुरुष करत होते.

गांधीजींचे यंत्रांविषयीचे मत आपल्याला ठाऊक आहे. पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. मोजक्या उपयुक्त शोधांपैकी हा एक आहे, हाताने टाके घालून थकणाऱ्या बायकोचे हाल सिंगरला पाहवले नाहीत म्हणून त्याने हे यंत्र केले, अशी त्यांची समजूत होती. गोष्ट गोड आहे. वस्तुस्थिती अशी की सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते, मुलेबाळे दोन डझनांच्या घरात होती आणि आपल्याला पैसा हवा आहे हे ते कधी लपवत नसत. असो. यंत्राचा गुण त्याच्या कर्त्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसतो.

महाराष्ट्रात शिवणकाम हा बाईच्या पोटापाण्याचा मार्ग म्हणून कुणी पाहिला असेल, तर तो विधवांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुली आल्या, तेव्हा तिथे शिवण, विणकाम, छपाई असे नाना उद्योग शिकवले गेले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये गेले, आणि स्वतः वैधव्य आलेल्या रमाबाई रानड्यांनी पुढे १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुणे सेवासदन उभे केले. त्याच्या एक वर्ष आधी मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन सुरू केले होते. या दोन्ही ठिकाणी शिवणाचे वर्ग होते आणि त्यांचा हेतू विरंगुळा हा नव्हता. शिकलेल्या बाईने चार पैसे मिळवावेत, दिराच्या किंवा भावाच्या दारात ओझे होऊन पडू नये, हा होता.

यात एक विसंगती आहे, ती मला फार बोचते. केशवपन केलेल्या सोवळ्या विधवेच्या अंगावर फक्त लाल आलवण. तिला चोळी घालायची बंदी होती. म्हणजे जिला शिवलेले वस्त्र अंगाला लावता येत नव्हते, तिच्याच हातात दुसऱ्यांच्या चोळ्या-पोलकी शिवायची सुई देण्यात आली आणि त्या सुईने तिला भाकरी मिळवून दिली. सुधारकांनी शिवणच का निवडले असावे, हेही उघड आहे. भांडवल थोडे, उंबरा ओलांडावा लागत नाही, परपुरुषाशी संबंध नाही, आणि समाजाला 'हे बायकांचेच काम' म्हणून पटवता येते. त्या काळात हेच शहाणपणाचे होते. पण त्यातच पुढची अडचणही शिवली गेली. घरात बसून करायचे काम म्हणजे फावल्या वेळाचे काम, आणि फावल्या वेळाचे मोल कोण पूर्ण देतो?

संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या मुली शेकड्यांत मोजाव्या एवढ्या होत्या. गावोगावच्या बायकांच्या हाती यंत्र आले ते एका कपड्यामुळे. तो कपडा म्हणजे पोलके.

खणाची चोळी पुढे गाठ मारून बसवायची. तिला बटणे नाहीत, हूक नाहीत. खणाच्या ठरावीक तुकड्यांतून ती बेतली जायची आणि गाठ सैल-घट्ट करून अंगाला बसायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात शहरातून पाचवारी पातळ आले, त्याच्याबरोबर झंपर आले, पोलके आले आणि होता होता ब्लाउज रुळला. ब्लाउजचे गणित निराळे. छाती, कंबर, उंची, शोल्डर, मुंढा, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, एवढी मापे लागतात. टक्स अर्धा बोट इकडे-तिकडे झाले की सगळे बिघडते. कटोरी ब्लाउज असेल तर तुकडेच वाढतात, अस्तराचा असेल तर काम जवळजवळ दुप्पट. शिवाय प्रत्येक साडीबरोबर नवा ब्लाउजपीस येतो, म्हणजे मागणी कधी संपत नाही.

आणि माप द्यायचे कुणाला? पुरुष शिंप्यापुढे उभे राहून टेप लावून घ्यायला बायका संकोचत. मग जुना ब्लाउज 'मापाचा' म्हणून पाठवायचा आणि तो जसा असेल तसाच नवा येणार. अंग सुटले असो वा उतरले असो, माप तेच. आळीत एखादी बाई शिवायला बसली की हा प्रश्न मिटला. आतल्या खोलीत माप द्यावे, 'काखेत काचतो गं' असे मोकळेपणाने सांगावे, एकदा घालून पाहावा. पुरुष शिंप्यांना पॅन्ट-शर्ट राहिला आणि ब्लाउजचा धंदा बायकांकडे सरकला, तो कुणाच्या कृपेने किंवा योजनेने सरकला नाही. गिऱ्हाईकाच्या सोयीने सरकला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बायकांच्या रोजगाराच्या इतिहासात ब्लाउजला जेवढे श्रेय द्यायला हवे तेवढे दिलेले नाही.

याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३५-३६ च्या सुमारास देशी शिवणयंत्र बनवले. लाला श्रीराम यांनी १९३८ मध्ये तो कारखाना हाती घेतला आणि 'उषा' हे नाव घरोघरी पोहोचले. विलायती सिंगर ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांना देशी यंत्र मिळू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे मराठीतून शिकायची सोय. मुंबईच्या झारापकरांचे शिवणवर्ग आणि त्यांचे बेतण्याच्या पद्धतीचे पुस्तक यांवर शिंप्यांच्या आणि शिवणवर्गाच्या बायकांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. छातीच्या मापावरून मुंढा, गळा, शोल्डर काढायचे कोष्टक, आधी कागदावर आकृती आणि मग कापडावर कात्री. जे ज्ञान शिंप्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जात होते, ते वहीत उतरले. शिवता पुष्कळांना येते, बेतता थोड्यांना येते. आणि धंदा बेतणाऱ्याचा असतो, हे कुठलीही शिवणवाली सांगेल.

स्वातंत्र्यानंतर सरकारही यात उतरले. १९५२ पासून समूह विकास योजना आली, १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ झाले. गावोगावी महिला मंडळे निघाली आणि महिला मंडळ म्हटले की शिवणवर्ग हे समीकरण बसले. पुढे जिल्हा परिषदांनी अनुदानावर यंत्रे वाटायला सुरुवात केली. ती पद्धत आजही आहे. वाटपाचा समारंभ होतो, फोटो निघतो. यंत्र मिळाले तरी त्याच्याबरोबर गिऱ्हाईक मिळत नाही, हे मात्र फोटोत दिसत नाही. एकाच वाडीत दहा यंत्रे वाटली तर दहाही जणी एकमेकींचे दर पाडतात.

आता एडवणच्या बाजूला येऊ. या किनाऱ्याचे अर्थकारण तीन गोष्टींवर चालत आले आहे: भातशेती, वाडी आणि मासळी. केळवे-माहीमची पानवेल प्रसिद्ध आहे. आगगाडी १८६० नंतरच्या दशकात या भागातून गेली आणि इथला माल मुंबईला आणि उत्तरेला जाऊ लागला. या तिन्हीत बाई राबतेच. लावणीला ती असते, वाडीत ती असते, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात तीच बसते. पण भात एका हंगामाचे, आणि पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवल्या की मासळीचा पैसाही थांबतो. शिवणाचा पैसा या पोकळीत बसतो. लग्नसराईत रात्ररात्र यंत्र चालते. पावसाळा मंदा. मग गौरी-गणपती आणि नवरात्र. २००३-०४ च्या सुमारास एका मराठी दैनिकाने नवरात्रातल्या नऊ रंगांची टूम काढली. वृत्तपत्राचा खप किती वाढला ते त्यांना माहीत, पण गावोगावच्या शिवणवाल्यांचा भाद्रपद त्यामुळे नक्कीच बरा जाऊ लागला.

पायाने चालणारे यंत्र असण्याचा एक फायदा इथे पुष्कळ वर्षे होता. वीज गेली तरी काम थांबत नाही. भारनियमनाच्या दिवसांत दुपारभर पंखे बंद असत, पण ओटीवरच्या उजेडात यंत्राची खडखड चालूच असे. यंत्र ओटीवर असण्याचे कारणही उजेड हेच आहे. मोटर लावून घेतली ती अलीकडे.

गावातल्या धंद्याची खरी अडचण वेगळीच आहे. गिऱ्हाईक कोण? जाऊ, नणंद, मावशी, शेजारीण. 'आपल्यातलीच तू, देते नंतर,' म्हणून ब्लाउज घेऊन जाणारीला अडवायचे कसे? कधी पैशांऐवजी सुके बोंबील येतात, कधी वाडीतली केळी येतात. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि दोरा, हूक, अस्तर तर रोखीनेच आणावे लागते. बाजारात दुकान टाकलेल्या पुरुष शिंप्याला कुणी केळी देत नाही. तो 'आज रोख, उद्या उधार' लिहून मोकळा होतो. ओटीवरच्या बाईला ते लिहिता येत नाही, कारण ती ओटी घराची आहे, दुकानाची नाही. तिचे गिऱ्हाईक तिच्या नात्यांतून आले आणि तिचे पैसेही नात्यांतच अडकले.

ज्यांना हे नको झाले त्यांच्यासाठी बोईसरची वाट होती. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि त्याच काळापासून शेजारी औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायने आणि औषधांबरोबर कापडाचे मोठे कारखाने आले आणि तयार कपडे शिवणारे विभागही आले. सफाळे, केळवे रोड, पालघरहून सकाळच्या गाडीने बोईसरला उतरायचे, संध्याकाळी परत. चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये; त्याआधी शटल आणि पॅसेंजरच्या वेळापत्रकावर सगळा दिवस बेतावा लागे.

कारखान्यातले यंत्र विजेवर पळते, मिनिटाला हजारो टाके घालते. पण तिथे कुणी शर्ट शिवत नाही. एकजण कॉलर शिवते, दुसरी कफ लावते, तिसरी फक्त खिसा. पाच वर्षे कॉलर लावणाऱ्या मुलीला स्वतःच्या भावाचा शर्ट बेतता येईलच असे नाही. उलट तिला महिन्याचा पगार ठरलेला, कायद्याने किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी लागू, आणि कुणी केळी देत नाही. घरची बाई हुन्नर राखते आणि उधारीत बुडते. कारखान्यातली पगार मिळवते आणि तिचा हुन्नर तुकड्यांत विरतो. यात बरे कुठले, हे मी सांगू शकत नाही. घरात लहान मूल आहे की सासू अंथरुणाला आहे, यावरच बहुतेकींचा निर्णय ठरतो.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो सर्वांत वाईट. कापलेला माल दलाल घरी आणून टाकतो, नगावर पैसे. ही व्यथा आपल्याकडचीच नाही. लंडनमध्ये १८४३ साली 'पंच' साप्ताहिकात टॉमस हूडने शर्ट शिवणाऱ्या बाईवर कविता लिहिली तेव्हा इंग्लंड हळहळले होते, आणि त्यामागे नगावर शिवणाऱ्या एका गरीब विधवेचा खराखुरा खटला होता. अहमदाबादच्या मजूर महाजन संघाने १९५४ मध्ये महिला विभाग काढला, तिथेही शिवण-भरतकामाचे वर्ग होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिवण करणाऱ्या बायकांनी कंत्राटदारांकडून होणाऱ्या पिळवणुकीच्या तक्रारी आणल्या. त्यांची पाहणी झाली, आणि त्या अनुभवांतून १९७२ मध्ये इला भट्ट यांच्या पुढाकाराने 'सेवा' ही संघटना उभी राहिली. घरी बसून काम करणारी बाई ही कामगार आहे, हे पटवायला तिथून बराच काळ गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसंबंधीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

महाराष्ट्रात १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ झाले, १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला घेतले, २०११ मध्ये 'उमेद' आले. बचत गटांमुळे यंत्रासाठी सावकाराकडे जावे लागत नाही, ही मोठीच गोष्ट झाली. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सगळे धंदे बसले तेव्हा गटांतल्या बायकांनी मुखपट्ट्या शिवल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आहे.

आणि मग गणवेशाचे प्रकरण घडले. सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राज्यभर एकाच प्रकारचा गणवेश, कापडाची खरेदी एकाच ठिकाणाहून, आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून, असे २०२४-२५ या वर्षासाठी ठरले. ऐकायला उत्तम. लाखो गणवेश म्हणजे गावोगावच्या यंत्रांना वर्षभराचे काम. पण कापड यायचे ते आधीच कापून. म्हणजे माप घेणे नाही, बेतणे नाही, शिवणवालीने फक्त तुकडे जोडायचे. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि पुष्कळ ठिकाणी गणवेश आलेच नाहीत. जिथे आले तिथे मापांच्या तक्रारी झाल्या. कुणाच्या बाह्या लांब, कुणाला चड्डी घट्ट. नावे मात्र शिवणाऱ्या बायकांनाच ठेवली गेली. दुसरा, स्काउट-गाइडचा गणवेश शाळा व्यवस्थापन समित्यांनी स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा होता. त्यासाठी शिलाईचे शंभर रुपये आणि वर किरकोळ खर्चाचे दहा. शर्ट आणि पॅन्ट मिळून शंभर रुपये! आज गावात साधा ब्लाउजसुद्धा एवढ्यात कुणी शिवत नाही. शिवून द्यायला माणूस मिळत नाही, असे मुख्याध्यापकांना कळवावे लागले.

हा शंभराचा आकडा ठरवताना कागदावर काय हिशेब मांडला असेल कोण जाणे. दोरा किती, बटणे किती, चेन किती, वीज किती, एका जोडाला तास किती, हे कुठल्याही ओटीवर विचारले असते तर पाच मिनिटांत कळले असते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. आता समितीने कापड घ्यायचे आणि शिवणाराही तिनेच शोधायचा. त्या समित्यांत निम्म्या तरी जागा बायकांच्या असतात, आणि गावात शिलाईचा दर काय चालला आहे हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही.